कोई घेताना पॅटर्न सगळ्यात शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की पाँड तयार आहे, फिल्टर चालू होऊन बरेच आठवडे झालेत, आता पहिल्यांदाच डीलरकडे जाऊन पाच-सहा चांगले कोई, म्हणजे पाँडमध्ये पाळायचे रंगीत जपानी कार्प मासे, घ्यायचेत. टाकीत शेकडो मासे एकत्र फिरत असतात, त्यातला चांगला ओळखायचा कसा? डीलर "ए ग्रेड", "शो क्वालिटी" म्हणतो त्यावर किती विश्वास ठेवायचा? आणि जपानी मासाच घ्यायला पाहिजे का? वेळ काढून वाचा, उत्तर जरा लांबणार आहे.

आधी क्रम सांगतो. पहिल्यांदा तब्येत, मग बॉडी, मग स्किन आणि सगळ्यात शेवटी पॅटर्न. नवीन माणूस बरोबर उलटा जातो, टाकीवर वाकला की त्याला सगळ्यात आधी लाल-पांढरा ठसठशीत पॅटर्न दिसतो, डोक्यावर गोल ठिपका दिसला की झालंच, मासा पिशवीत. पण छोट्या माशाचा पॅटर्न ही त्याच्यातली सगळ्यात कमी टिकणारी गोष्ट आहे. मासा १५ सेंटीमीटरचा ६० सेंटीमीटरचा होतो तेव्हा लाल पट्टे ताणले जातात, दोन पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, काही ठिकाणचा लाल उडून जातो, काळा आत जातो किंवा नवीनच वर येतो. वाकडा मणका मात्र वाकडाच राहतो, आखूड राहिलेलं कल्ल्याचं झाकण नंतर वाढत नाही, आणि पातळ कातडीवरचा रंग जाड होत नाही. डीलर किंमत बहुतेक वेळा पॅटर्नची लावतो, म्हणून साध्या पॅटर्नचा पण दणकट मासा पुष्कळदा स्वस्तात मिळून जातो, अनुभवी लोक गुपचूप तेच उचलतात.

ग्रेडचं म्हणाल तर ए ग्रेड, शो ग्रेड, सिलेक्ट, प्रीमियम हे सगळे शब्द त्या त्या डीलरचे स्वतःचे. ठरवून दिलेलं मोजमाप त्याच्यामागे कुठेच नाही. एकाचा ए ग्रेड दुसऱ्याच्या साध्या टाकीत असू शकतो. या शब्दातून एवढंच कळतं की त्या डीलरच्या इतर टाक्यांपेक्षा ही टाकी त्याला बरी वाटते. त्यापेक्षा मासा कितव्या निवडीतला आहे ते विचारा. कोईची मादी एका वेळेला लाखांच्या घरात अंडी घालते आणि ब्रीडर पहिल्याच उन्हाळ्यात तीन-चार वेळा निवड करून बहुतेक पिल्लं काढून टाकतो. दुसऱ्या निवडीत बाहेर पडलेला मासा आणि शेवटच्या निवडीपर्यंत टिकलेला मासा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, ग्रेडचा शब्द दोघांवर एकच चिकटवलेला असला तरी.

आता डीलरकडे पोचल्यावर. लगेच माशांकडे बघू नका, आधी जागा बघा. पाण्याला कुबट वास येतोय का, पाण्यावर फेस साचून राहिलाय का, एकच जाळं सगळ्या टाक्यांत फिरतंय का. सगळ्या टाक्या एकाच फिल्टरवर आहेत का हे तर विचाराच, कारण तसं असेल तर कोपऱ्यातल्या टाकीतला आजारी मासा आणि तुम्ही निवडलेला मासा एकाच पाण्यात राहतायत असं धरून चालायचं. मग विचारा की हा लॉट कधी आला, कुठून आला, आल्यापासून दुसऱ्या लॉटमध्ये मिसळला का, पाण्यात आत्ता मीठ किंवा औषध आहे का, तापमान किती आहे. चांगला डीलर या प्रश्नांवर खुश होतो, कारण असं विचारणारं गिऱ्हाईक मासा जगवतं. जो चिडतो किंवा "अहो काही होत नाही, घेऊन जा" म्हणतो तिथून निघालेलं बरं.

तापमान विचारायला का सांगतोय ते नीट समजून घ्या, यात बरेच जुने लोकही गडबडतात. कोई हर्पीस व्हायरस, केएचव्ही म्हणतात तो, १९९८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेतल्या साथींमुळे पहिल्यांदा लक्षात आला आणि त्यावर आजही औषध नाही. पाँडमध्ये शिरला तर ८० ते १०० टक्के मासे जाऊ शकतात. हा व्हायरस साधारण १६ ते २८ अंश सेल्सिअस या पट्ट्यात लक्षणं दाखवतो, पाणी त्याहून गार असेल तर मासा आतून बाधित असूनही बाहेरून ठणठणीत दिसतो. त्यामुळे डीलर म्हणाला "महिनाभर क्वारंटाइन केलाय" आणि पाणी १२ अंशाचं असेल तर त्या महिन्याने केएचव्हीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. २२ ते २५ अंशाला तीन-चार आठवडे ठेवून मासे ठीक राहिले असतील तर त्याला अर्थ आहे. पीसीआर टेस्टचा कागद असेल तर छानच, पण एकदा बाधा होऊन वाचलेला मासा वाहक राहू शकतो आणि अशा छुप्या वाहकाची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे कागद बघून घरचं क्वारंटाइन टाळायचं नाही.

आणि ट्रकमधून आजच उतरलेल्या लॉटमधून मासा घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. प्रवासाच्या ताणात माशाची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते, पांढऱ्या भागात लाल शिरा उठलेल्या असतात, काळा फिका पडलेला असतो, म्हणजे त्या दिवशी तब्येतही कळत नाही आणि रंगही कळत नाही. आवडला तर ॲडव्हान्स देऊन ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी परत जाऊन बघा.

मासे बघायला सुरुवात केलीत की पहिली दहा-पंधरा मिनिटं काही बोलू नका, खायला टाकायला सांगू नका, टाकीच्या कडेला नुसते उभे राहा. निरोगी कोई कळपात असतो, छातीचे पर पसरून आरामात फिरतो, माणूस आला की बहुतेक वेळा वर येतो. एखादा एकटाच कोपऱ्यात तळाला बसलाय, पर अंगाला चिकटवून, तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पाणी आत पडतं तिथेच तोंड वर करून लटकलेले मासे ऑक्सिजन कमी आहे किंवा कल्ले खराब आहेत असं सांगत असतात. टाकीच्या भिंतीवर अंग घासत झटकन चमकून जाणारा मासा दिसला तर फ्लूक किंवा दुसरे परजीवी असण्याची शक्यता मोठी. एखाद्याने एकदा अंग घासलं तर तेवढं काही नाही, पण दहा मिनिटांत पाच-सहा मासे घासताना दिसले तर त्या टाकीतला कुठलाच मासा घ्यायचा नाही, तुम्हाला आवडलेला अगदी टुकटुकीत दिसत असला तरी. मासे तळाला आडवे पडलेत आणि धक्का दिला की जरा फिरून परत आडवे होतायत, असं दिसलं तर ते स्लीपी डिसीज या व्हायरसच्या आजाराचं लक्षण असू शकतं, तिथून सरळ हात न लावता बाहेर.

नंतर मग थोडं खायला टाकायला सांगा. सगळ्यात पुढे येणारे आणि खाऊन परत मागे येणारे मासे लक्षात ठेवा. तोंडात घेऊन थुंकणारे पण लक्षात ठेवा, ते संशयाचे. (डीलर म्हणाला की आत्ताच खाऊ घातलंय तर मग काही करता येत नाही, कोई तसा कधीच नको म्हणत नाही हा भाग वेगळा.)

आता निवडलेले दोन-तीन मासे निळ्या बोलमध्ये, म्हणजे मासे बघायच्या उथळ गोल टबात, घ्यायला सांगा. एकावेळी एकच घेऊ नका, कारण एकटा मासा नेहमीच सुंदर दिसतो, दोन-तीन शेजारी आले की कुणाचं पांढरं खरं पांढरं आणि कुणाचं पिवळट ते लगेच कळतं. बोल निळाच असतो याला कारण आहे, निळ्यावर पांढरं अजून पांढरं आणि लाल अजून उठून दिसतं, म्हणजे ते डीलरच्या फायद्याचंच आहे, पण सगळीकडे निळाच असल्यामुळे तुलना तरी होते. मासा जाळ्यात उचलून हवेत आणत असतील तर थांबवा. गोल उथळ जाळ्याने फक्त बोलपर्यंत हाकलत न्यायचा आणि पाण्यासकट बोलमध्ये किंवा सॉक नेटमध्ये (लांब मोज्यासारखं जाळं) घ्यायचा असतो, उंच उचलला की खवले निघतात, पर फाटतात, मोठ्या मादीच्या पोटाला इजा होते.

बोलमध्ये सरळ वरून बघायचं. कोई वरूनच बघायचा मासा आहे, काचेच्या टाकीत बाजूने बघून बॉडीचा अंदाज येत नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत मध्ये एक रेष आहे असं मनात धरा आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा. खांद्यापासून पाठीवरचा पर सुरू होतो तिथपर्यंत अंग भरत गेलं पाहिजे आणि मग शेपटीकडे हळूहळू निमुळतं. यात सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे शेपटीच्या आधीचा दांडा. तो जाड असेल तर मासा मोठा होतो, काडीसारखा असेल तर पुढे पोट सुटतं आणि मागचा भाग तसाच राहतो, मग चार वर्षांनी तो बेडकाच्या पिल्लासारखा दिसायला लागतो. पोहताना बघा, शेपटी दोन्ही बाजूंना सारखी वळते का, की एका बाजूला जास्त जाऊन मासा मधून किंचित मोडल्यासारखा वाटतो. मणक्याचा दोष पोहतानाच कळतो, स्थिर उभ्या माशात लपून जातो. डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि डोळ्यांमागे खड्डा पडलेला असेल तर मासा बराच काळ उपाशी आहे किंवा आतून आजारी आहे.

यानंतर पारदर्शक पिशवीत घ्यायला सांगा आणि पिशवी उजेडाकडे धरून बाजूने आणि खालून बघा. वरून न दिसणाऱ्या सगळ्या भानगडी इथे सापडतात. तोंड सरळ मिटतं का, मिशांच्या दोन्ही जोड्या आहेत का, कल्ल्यांची दोन्ही झाकणं सारखी उघडतात का. एक झाकण हलतंय आणि दुसरं चिकटून बसलंय असं असेल तर त्या बाजूच्या कल्ल्यात काहीतरी आहे. झाकणाची कड आत वळलेली किंवा आखूड राहून लाल कल्ला बाहेर दिसत असेल तर तो जन्माचा दोष, मासा जगेल पण किंमत चांगल्या माशाची द्यायची नाही. छातीच्या परांच्या बुडाशी लालसर जागा, पोटाखाली लाल ठिपके, गुदद्वार सुजून बाहेर आलेलं, खवले मुळापासून उभे राहिलेले, यातलं काहीही दिसलं तर नाही म्हणायचं. परावर दोऱ्यासारखं काही लटकलेलं असेल तर अँकर वर्म, चपटा पारदर्शक ठिपका हळूच सरकला तर फिश लाइस, हे दोन्ही बरे होणारे आहेत पण टाकीत हे आहेत म्हणजे डीलरचं लक्ष नाही. मेणाचा थेंब पडल्यासारखे पांढरट फुगवटे दिसले तर तो कार्प पॉक्स, गार पाण्यात येतो आणि पाणी तापलं की बहुतेक जातो, त्याने मासा सहसा मरत नाही, त्यावरून घासाघीस करायला हरकत नाही.

वयाचं विचारायला लोक विसरतात. पहिल्या वर्षातला तो टोसाई, दुसऱ्या वर्षातला निसाई, तिसऱ्यातला सानसाई असे शब्द डीलर वापरतो, ते वयाचे आहेत, आकाराचे नाहीत. २० सेंटीमीटरचा आठ महिन्यांचा मासा आणि २० सेंटीमीटरचा तीन वर्षांचा मासा बोलमध्ये सारखेच दिसतात, पण दुसरा गर्दीत किंवा खराब पाण्यात खुरटलेला आहे आणि तो आता कधीच भरभरून वाढणार नाही. ओळखायची एक खूण म्हणजे डोळा, खुरटलेल्या माशाचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा दिसतो. आणि गंमत म्हणजे अशा माशाचा रंग फार पक्का आणि पॅटर्नच्या कडा फार रेखीव असतात, कारण वयाने तो मोठाच आहे, त्यामुळे नवीन गिऱ्हाईक तोच आधी उचलतं.

नर-मादीचंही साधारण तसंच. नराचा रंग लवकर पिकतो आणि मादीचा सावकाश. मादी जास्त लांब आणि जास्त भारी होते म्हणून मोठ्या माशाची हौस असलेले मादी मागतात. पण २५-३० सेंटीमीटरच्या आत कोणी छातीठोकपणे "ही मादीच आहे" म्हणत असेल तर ते ऐकून सोडून द्या आणि त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. मोठ्या नरांच्या छातीच्या परांवर आणि कल्ल्यांच्या झाकणावर विणीच्या दिवसात खरखरीत दाणे येतात, ते हाताला लागतात, ती खात्रीची खूण.

स्किन. इथे खरा वेळ घालवायचा. गोसांके म्हणजे कोहाकू (पांढऱ्यावर लाल), सांके (पांढऱ्यावर लाल आणि थोडा काळा) आणि शोवा (लाल, पांढरा आणि बराच काळा) या तिघांत सगळं पांढऱ्यावर उभं असतं. पांढरं दुधासारखं घट्ट पाहिजे आणि त्यावर ओलसर चकाकी पाहिजे, कागदासारखं कोरडं पांढरं नको. डोक्यावर आणि पाठीवर दोन्हीकडे बघा, कारण पाठ पांढरीशुभ्र आणि डोकं पिवळं असे मासे खूप असतात. पांढऱ्यावर सगळीकडे हलकी गुलाबी-पिवळट छटा असेल तर रंग वाढवणारं खाद्य, स्पिरुलिना किंवा ॲस्टाझँथिनवालं, जरा जास्तच चाललेलं असू शकतं, ते बंद केल्यावर पांढरं सुधारतं पण लालही थोडा उतरतो. त्यामुळे काय खायला घालताय हे पण विचारायचं.

लाल बघताना तो किती गडद आहे हे विसरा, तो एकसारखा आहे का बघा. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच छटा, मध्ये खवल्याच्या आतून पांढरं डोकावत नाही, असा लाल पाहिजे. छोट्या कोहाकूत नारिंगीकडे झुकणारा, मऊ दिसणारा पण जाड लाल हा लहानपणीच रक्तासारखा गडद झालेल्या लालपेक्षा बऱ्याचदा जास्त वर्षं टिकतो. आता बोलमध्ये वाकून एका पट्ट्याची कड बघा. पट्ट्याची मागची, म्हणजे शेपटीकडची कड, तिला किवा म्हणतात, ती ब्लेडने कापल्यासारखी पाहिजे, लाल खवला संपला की लगेच पांढरा. पुढची, डोक्याकडची कड मात्र थोडी धूसर गुलाबी दिसते कारण तिथे पांढरे खवले लाल खवल्यांवर चढलेले असतात आणि खालचा लाल त्यातून दिसतो, तिला साशी म्हणतात. छोट्या माशात ही साशी एक-दोन खवल्यांएवढी आणि सगळ्या पट्ट्यांना सारखी असेल तर लाल जाड आहे, पुढे भरत जाईल. पुढची-मागची कड दोन्हीकडे पुसट असेल, किंवा पट्ट्याच्या मधोमध लाल पातळ होऊन खिडकी पडायला लागली असेल, तर तो लाल जायच्या वाटेवर आहे. लालवर बारीक काळे ठिपके, शिमी म्हणतात ते, दोन-तीन असतील तर चालवून घ्या, सगळीकडे उठलेले असतील तर नको.

पॅटर्नवर आत्ता आलो. कोहाकूत लाल डोक्यावरून सुरू व्हावा, डोळ्यांवर आणि नाकावर उतरू नये, आणि शेपटीच्या अलीकडे थोडं पांढरं सुटलेलं असावं, एवढं सांभाळलं की बाकी दोन पट्टे की तीन, सरळ की नागमोडी, ही आवड आहे. एक मात्र लक्षात ठेवा, वजन पुढे असलेला पॅटर्न चांगला, म्हणजे मोठा लाल खांद्याकडे आणि छोटा मागे. उलटं असेल तर मासा मागून ओढल्यासारखा दिसतो. सांकेत काळा डोक्यावर नसतो, पाठीच्या वरच्या भागात ठिपक्यांनी येतो, छातीच्या परात काळ्या रेघा असल्या तर छान. शोवात काळा डोक्यावरही येतो, अंगाला वेढा घालून पोटाकडे उतरतो आणि छातीच्या परांच्या बुडाशी गोळा होतो. टाकीत दोघांची सरमिसळ असेल तर डोकं आणि परांचं बूड बघितलं की बहुतेक वेळा ओळखू येतं.

काळ्यावर, म्हणजे सुमीवर, डोकं खाजवू नका. तो पाण्याच्या तापमानाने, ताणाने, टाकीच्या रंगाने बदलतो, पांढऱ्या टबात तासभर ठेवलेला शोवा फिका दिसतो आणि काळ्या पाँडमध्ये गेला की पुन्हा भरतो. कातडीखाली निळसर-राखाडी सावली दिसते ती वर यायची वाट बघत असलेली सुमी असते, त्यावर मोठ्या आशेने लोक मासे घेतात आणि कधी ती येते, कधी येतच नाही. डीलर याच सावलीकडे बोट दाखवून "तातेगोई आहे, दोन वर्षांत बघा" म्हणतो. तातेगोई म्हणजे पुढे अजून सुधारणारा मासा, शब्द खरा आहे, पण ब्रीडर स्वतः ज्याला तातेगोई समजतो तो पहिल्या वर्षी सहसा विकतच नाही, स्वतःकडे वाढवतो. म्हणजे तुमच्यासमोर टाकीत आहे तो बहुतेक वेळा ब्रीडरने बघून सोडलेला मासा आहे. त्यातूनही उत्तम निघतात, निघत नाहीत असं नाही, पण भविष्याचे पैसे आज देऊ नका, आज जेवढा दिसतोय तेवढ्याचे द्या.

गोसांके सोडून बाकीच्यात निवड सोपी आहे. ओगोनमध्ये, म्हणजे धातूसारख्या चकाकणाऱ्या एकरंगी कोईत, डोकं स्वच्छ आणि चकाकी पराच्या टोकापर्यंत, बास. आसागीत, म्हणजे निळसर पाठीच्या कोईत, पाठीवरची खवल्यांची जाळी ओळीत पाहिजे आणि डोकं ठिपक्यांशिवाय स्वच्छ. शुसुई हा १९१० च्या सुमारास आसागीचा जर्मन मिरर कार्पशी संकर करून तयार झालेला, त्यात पाठीवरची मोठ्या खवल्यांची ओळ अखंड पाहिजे आणि इकडे-तिकडे भरकटलेले खवले नकोत. चागोई दिसायला साधा तपकिरी, पण झपाट्याने वाढतो, लवकर हातातून खायला लागतो, आणि त्याच्या मागे बाकीचे भित्रे मासेही वर यायला लागतात, म्हणून पहिल्या खरेदीत एक चागोई मी नेहमी सुचवतो. लांब परांचे बटरफ्लाय कोई आवडत असतील तर बिनधास्त घ्या, जपानी पद्धतीच्या स्पर्धेत ते चालत नाहीत एवढंच.

जपानी की स्थानिक. कोई जपानच्या निइगाता भागातला, यामाकोशी आणि ओजिया या डोंगराळ पट्ट्यातला. १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि तिथून त्यांचं नाव त्या खोऱ्याबाहेर पसरलं. ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात यामाकोशीतले पाँड आणि ब्रूडस्टॉक (विणीसाठी ठेवलेले मासे) दोन्हीचं प्रचंड नुकसान झालं, तरी ते लोक पुन्हा उभे राहिले. आज नुसतं निइगाताच नाही, हिरोशिमातलं साकाई, ओकायामातलं मोमोतारो अशी मोठी फार्म दुसरीकडेही आहेत. ब्लडलाइन म्हणाल तर फरक नक्की आहे, पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या आई-बापांची बॉडी आणि स्किन मोठ्या आकारातही टिकते. पण नामांकित फार्ममध्येही साधे मासे निघतात आणि तेही त्याच नावाने विकले जातात. सर्टिफिकेट असेल तर त्यावरचा फोटो समोरच्या माशाशी पट्टा-पट्टा जुळवून बघा, आकार आणि जन्मवर्ष बघा, फोटोच नसेल तर तो नुसता कागद. चांगल्या आई-बापांपासून नीट निवड करून काढलेला स्थानिक मासा हा निवडीतून उरलेल्या जपानी माशापेक्षा कधीही बरा, आणि पहिल्या वर्षी तुमचं पाणी अजून पक्कं बसलेलं नसताना तर तोच घ्यावा.

फोटोवरून घेत असाल तर फोटो मागू नका, व्हिडिओ मागा, तोही बोलमध्ये वरून, आणि त्यात कोणाचा तरी हात दिसू द्या. हाताचा रंग टोमॅटोसारखा दिसत असेल तर माशाचा लालही तेवढाच वाढवलेला आहे.

किती घ्यायचे, तर पाच-सहापेक्षा आधी तीन. हे मासे ६०-७० सेंटीमीटरचे होतात आणि नीट सांभाळले तर २५-३० वर्षं राहतात, एका मोठ्या माशामागे हजार लिटर पाणी तरी धरावं लागतं. फिल्टर नवीन आहे, त्यातल्या जिवाणूंना भार हळूहळू मिळू दे. एक कोहाकू, एक चागोई आणि तिसरा तुमच्या आवडीचा घ्या, शोवा-सांके पुढच्या हंगामाला ठेवा. जपानमधले मातीचे पाँड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रिकामे करतात, त्यानंतरच्या काही आठवड्यांत आयात करणाऱ्या डीलरकडे निवडीला सगळ्यात जास्त मासे असतात.

घरी आणताना डीलरला आदल्या दिवसापासून खाणं बंद ठेवायला सांगा आणि पिशवीत ऑक्सिजन भरून घ्या. पिशवी क्वारंटाइनच्या टाकीवर १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, पण लांबच्या प्रवासाची पिशवी असेल तर एकदा उघडली की रेंगाळायचं नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा त्रास देत नाही, उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघडून अर्धा तास थोडं थोडं पाणी ओतत बसण्यापेक्षा मासा पटकन टाकीत सोडायचा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं, एक थेंबही आत जाऊ द्यायचा नाही.

क्वारंटाइन टाकीला चालू झालेला फिल्टर, झाकण (नवीन कोई पहिल्या रात्री हमखास उडी मारतो), वेगळं जाळं, वेगळी बादली. पाणी २२ ते २५ अंशावर किमान चार आठवडे, ०.३ टक्के मीठ म्हणजे लिटरला ३ ग्रॅम, ते एकदम न ओतता दोन-तीन दिवसांत चढवत न्या, आणि अमोनिया-नायट्राइट रोज मोजा. औषधं आधीच ओतू नका, ज्याच्याकडे मायक्रोस्कोप आहे अशा कोणाकडून माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची स्लाइड बघून मगच काय ते ठरवा. तुमच्या पाँडमध्ये आज कोई नाहीत म्हणून पहिल्या खेपेला हे सोपं आहे, पाँडच क्वारंटाइन होऊ शकतो. पण पुढच्या हंगामात दुसरे मासे आणाल तेव्हा तिसऱ्या आठवड्यात पाँडमधला एक स्वस्तातला मासा त्या टाकीत नवीन माशांसोबत सोडा आणि अजून दोन-तीन आठवडे बघा, जुने आणि नवे दोन्ही खात-पीत राहिले तरच सगळे एकत्र करा.